तिसऱ्या मशीनचा पिवळा कागद

शाळेत चित्रकलेच्या बाई म्हणजे फुकटचं माणूस. फलक लिहायचाय? बोलवा बाईंना. गॅदरिंगचा पडदा रंगवायचाय, साहेबांच्या स्वागताला रांगोळी काढायचीय, मुख्याध्यापकांच्या मुलीचं रुखवत मांडायचंय? बोलवा बाईंना. धुळ्याच्या शाळेत मी सगळी नोकरी अशीच काढली, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. कुणी म्हटलं, 'बाई, रंगातलं तुम्हाला कळतं,' की मी विरघळलेच. त्या कौतुकापायीच मी त्या मेळाव्याच्या भानगडीत पडले.

नव्वदीची सुरुवात होती. आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा त्या वर्षी धुळ्याला भरायचा होता. ज्यांनी असा मेळावा पाहिला नाही त्यांना सांगते. मंगल कार्यालयात हजारभर माणूस जमतं. एकेक मुलगी स्टेजवर येते, माईकसमोर उभं राहून नाव, शिक्षण, उंची, मामाचं गाव सांगते आणि पळत खाली उतरते. निम्म्या जणी अर्ध्यावरच रडतात. मागे बसलेल्यांना ना चेहरा दिसतो ना आवाज ऐकू येतो. मग म्हाताऱ्या बाया पुढे घुसतात, स्वयंसेवक त्यांना मागे ढकलतात आणि भांडणं लागतात.

समितीचे अध्यक्ष आमच्या नात्यातले होते, सगळा समाज त्यांना आबा म्हणायचा. आबांनी जळगावला एका पाण्याच्या पाइपांच्या कंपनीचा कार्यक्रम पाहिला होता. तिथे स्लाइडचं मशीन लावून भिंतीएवढ्या पडद्यावर केळीच्या बागा दाखवल्या होत्या. आबा तिथून आले ते डोक्यात खूळ घेऊनच. पोरींनी स्टेजवर यायलाच नको! सगळ्यांच्या फोटोंच्या स्लाइडी करायच्या आणि पडद्यावर दाखवायच्या. एका मशीनने दिवस पुरणार नाही म्हणून तीन मशिनं शेजारी शेजारी मांडायची. पडदा एकच. एका वेळी तीन पोरी, मग पुढच्या तीन.

"जेवाना आधी बठ्ठं आटपी जाई," आबा आपल्या अहिराणीत म्हणाले, म्हणजे जेवणाआधी सगळं उरकेल. मग माझ्याकडे वळले. "बाई, रंगातलं तुम्हाला कळतं."

झालं. मी विरघळले.

तीन मशिनं तीन घरची. पहिलं कॉलेजच्या विज्ञान विभागातून आणलेलं, त्याचा दिवा म्हातारा झालेला. दुसरं एका सरकारी कचेरीतलं. त्याच्यावर आयुष्यभर कुटुंबनियोजनाच्या स्लाइडी दाखवल्या गेल्या होत्या आणि आता ते बिचारं लग्नं जमवायला आलं होतं. तिसरं जळगावहून ओळखीने मिळालेलं, नवं कोरं. आबांच्या पुतण्याने ते गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर ठेवून आणलं होतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळीच मी कार्यालयात गेले. बरोबर आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई होत्या. त्यांच्याबद्दल आधी सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्टच त्यांची आहे.

गणिताच्या बाई माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, पण आम्ही शाळेच्या रिवाजाप्रमाणे एकमेकींना 'अहो बाई'च म्हणायचो. सावळ्या, उंच, बोलणं मोजकं. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी खिडकीजवळच्या टेबलावर डबा खायचो. त्यांच्या आईच्या हातचं कैरीचं लोणचं रोज असायचं आणि डबा उघडला की पहिली फोड माझ्याकडे यायची. मी कधी मागितली नाही आणि त्यांनी कधी चुकवली नाही. तिशीला आल्या होत्या. हा त्यांचा तिसरा मेळावा. आधीच्या दोन्हींत स्टेजवर उभ्या राहिल्या होत्या आणि घरी जाऊन आजारी पडल्या होत्या.

त्या वर्षी मात्र वेगळं होतं. जळगावच्या एका कारखान्यात इंजिनियर असलेला मुलगा होता. त्याच्या आत्याची नात आमच्या शाळेत होती. पालकसभेला आलेल्या आत्याने बाईंना पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं. मुलालाही शिकलेली, शांत मुलगी हवी होती. निरोप आला की आम्ही मेळाव्याला येतोच आहोत, सगळ्यांसमोर एकदा रीतसर बघू आणि तिथेच सुपारी फोडू. ही बातमी बाईंनी फक्त मला सांगितली होती. लोणच्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "बाई, यंदा शेवटचं हं. जमलं तर जमलं. नाही तर पुन्हा फॉर्म भरायचा नाही, मी ठरवलंय." आणि मग लाजल्या. तिशीतली बाई लाजली की किती गोड दिसते, ते मी तेव्हा पाहिलं.

तर ती मशिनं. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. रंग जुळवायला एखादा चेहरा हवा होता, म्हणून बाईंचीच स्लाइड घेतली. ती पहिल्या मशीनमध्ये घातली तर बाई कावीळ झाल्यासारख्या पिवळ्या. दुसऱ्यात बऱ्या. तिसऱ्यात घातली आणि अगं बाई! गोऱ्यापान, निळसर, कॅलेंडरवरच्या बाईसारख्या. फोटो तोच आणि माणूसही तेच.

"यातली मी कोणती?" बाई हसत म्हणाल्या.

"थांबा, सगळ्या एक करते."

मी रंगात मुरलेली बाई, पण त्या दिवशी एक गोष्ट नव्याने कळली. जुन्या दिव्याला नव्यासारखं उजळ करता येत नाही. जुळवायचं तर नव्यालाच खाली यावं लागतं. म्हणून दुसऱ्या मशीनसमोर मी पिठाच्या चाळणीची बारीक जाळी लावली. तिसऱ्याला जाळी पुरेना. मग बाईंनी पुठ्ठ्याची चौकट केली. कंपासने गोल काढून ब्लेडने इतका सफाईने कापला, की मला माझीच लाज वाटली. त्या गोलावर मी गॅदरिंगच्या दिव्यांचा हलका पिवळा जिलेटिन कागद चिकटवला. चौकट भिंगासमोर उभी केली, की तिसरं मशीन पहिल्यासारखं दिसायचं.

पण पहिल्यासारखं म्हणजे बरोबर का? ते कसं कळावं? तेव्हा बाई पडद्याजवळ गेल्या आणि त्यांनी आपला हात पडद्याला टेकवला. घोंगडीची एक फट उघडून मी त्या हातावर उजेड पाडला. हात बघायचा, पडद्यावरचा गाल बघायचा, कागद बदलायचा, असं दोन तास चाललं. पहिल्याचं भिंग पुसलं, तिसऱ्याचा एक कागद काढून दुसरा लावला. तोवर बाई हात धरून उभ्या. "अहो, हात भरून आला असेल, खाली घ्या." तर म्हणतात, "राहू द्या. उद्या एवढ्या मुली येणार, कुणावर अन्याय नको."

शेवटी तिन्ही मशिनं जुळली. तिन्हींवर बाईंचा रंग बाईंच्या हातासारखा आला. आबा बघायला आले आणि खूश होऊन गेले. "आते बठ्ठ्या पोरी सारख्या," म्हणाले.

आता माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते. सांगायचं टाळत होते, पण किती टाळणार.

आमचं माहेर सोनगीर. मी वडिलांवर गेले, गोरी. धाकटी आईवर गेली, सावळी. लहानपणी दारात कुणी पाहुणी आली, की माझा गालगुच्चा घ्यायची आणि धाकटीकडे बोट करून आईला विचारायची, "हाई पोर बी तुमनीच शे का?" आई हसायची. मीही हसायचे, मूर्ख कुठली. धाकटी ओसरीच्या खांबाला धरून उभी असायची. पहिल्याच बघण्यात माझं लग्न ठरलं. धाकटीला अकरा ठिकाणांहून नकार आला होता. कुणी तोंडावर रंगाचं नाव काढत नसे. 'पत्रिका जमत नाही', 'मुलगा अजून तयार नाही', असं काहीबाही सांगायचे. जळो मेल्यांची पत्रिका! धाकटी डी.एड. झालेली, गळ्यात सूर, स्वयंपाकात हातखंडा. पण बाराव्या वेळी बघायला येणार म्हटल्यावर ती न्हाणीघरात जाऊन बसली आणि तासभर बाहेर आली नाही. तेव्हा आईने मला शपथ घातली, की काहीही कर, पण हिचं यंदा उरक.

गणिताच्या बाईंचा आणि धाकटीचा फॉर्म मी एकाच दिवशी, एकाच पेनाने भरला होता. बाईंचा नंबर एकोणतीस. धाकटीचा तीस. मुली तीन-तीनने दाखवायच्या म्हटल्यावर अठ्ठावीस, एकोणतीस, तीस या एकत्र येणार, एवढा हिशेब माझ्यासारख्या चित्रकलेच्या बाईलाही आला होता. त्यात मला काही वाईट दिसलं नाही. दोघी सावळ्या, दोघी सारख्या, आणि मशिनं जुळलेली.

मेळाव्याच्या दिवशी कार्यालय फुटतंय की काय एवढी गर्दी. भर दुपारी आत काळोख, उकाडा, पोरांची रडारड. मशिनांच्या टेबलाशी आम्ही तिघं. पहिल्यावर कॉलेजचा शिपाई, दुसऱ्यावर गणिताच्या बाई, तिसऱ्यावर मी. बाईंनी ते काम मागून घेतलं होतं. "बायकांत बसले तर सगळ्या माझ्याकडे बघतील. इथे अंधारात बरं." म्हणजे स्वतःची स्लाइड त्या स्वतःच्या हाताने लावणार होत्या. जळगावचे लोक डावीकडे तिसऱ्या रांगेत बसले होते. बाईंनी मला कोपराने खुणावून दाखवले. पांढरा शर्ट घातलेला मुलगा, शेजारी जाड चष्मा लावलेली आई, पलीकडे आत्या. धाकटी आमच्या आईबरोबर बायकांच्या बाजूला, पदर तोंडाशी धरून.

आबा माईकवर माहिती वाचत होते. एक तिकडी मिनिटभर दिसायची, मग आम्ही तिघं एकदम पुढच्या स्लाइडी सरकवायचो. सरकवताना क्षणभर पडदा काळा व्हायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. रंग असे जुळले होते, की मला स्वतःचाच अभिमान वाटत होता.

पंचवीस, सव्वीस, सत्तावीस झाल्या. मी धाकटीची स्लाइड हातात घेतली आणि तेवढ्यात माझ्या पुढ्यात बसलेल्या दोन बायांचं बोलणं कानावर आलं. एक दुसरीला म्हणाली, "यंदा बठ्ठ्या काळ्याच पोरी शेतस का?" आणि दोघी हसल्या.

पडदा काळा झाला. मी हात पुढे केला आणि पिवळ्या कागदाची चौकट उचलून मांडीवर ठेवली.

हात आपोआप गेला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. हात आपोआप जात नाहीत. त्या क्षणी मला न्हाणीघराचं बंद दार दिसत होतं, हेही खरं. पण शेजारी गणिताच्या बाई बसल्यात, त्यांची स्लाइड आत गेली आहे, तिसऱ्या रांगेत जळगावचे लोक बसलेत, हेही मला दिसत होतं. सगळं दिसत असताना मी ती चौकट उचलली.

पडदा उजळला. अठ्ठावीस नंबरची एक साक्रीकडची मुलगी. मध्ये गणिताच्या बाई, मीच लावलेल्या जाळीमागून आलेल्या. आणि उजव्या टोकाला माझी धाकटी, नव्या दिव्याच्या पूर्ण उजेडात. गाल उजळ, कपाळ उजळ, कानातली फुलं लखलखत होती. मी तिला जन्मल्यापासून बघत होते आणि मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. मागच्या तिकडीतली तिसरी मुलगी कशी दिसली होती, हे कोण लक्षात ठेवतं? लोक शेजारची बघतात. आणि शेजारी बाई काळवंडल्या होत्या. आदल्या दिवशी दोन तास हात धरून उभ्या राहिलेल्या बाई.

बायकांच्या बाजूने कुजबुज उठली. कुणीतरी म्हणालं, "तिसरी उजळ शे." जळगावच्या चष्मेवाल्या बाईने मान वर केली, चष्मा सावरला आणि आत्याला काहीतरी विचारलं.

आमच्या टेबलावर मशिनांच्या फटींतून थोडा उजेड सांडत होता. बाईंचं तोंड पडद्याकडे होतं. त्या वळल्या नाहीत. आबांचं वाचून झालं तेव्हा नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पुढची लावू का?"

"लावा," मी म्हटलं. पडदा पुन्हा काळा झाला तसा मी चौकट जागेवर ठेवली. तेहतीस नंबरची मुलगी पुन्हा सगळ्यांसारखी दिसली.

बघितलं का त्यांनी? नाही बघितलं? तिथपासून माझ्या मागे हा भुंगा लागला.

जेवणानंतर आबा मला शोधत आले. जळगावच्या लोकांना तीस नंबरची मुलगी जवळून बघायची होती. कार्यालयाच्या मागच्या खोलीत बैठक झाली. एक चाळीसचा दिवा, दारात माणसांची दाटी. मुलाच्या आईने धाकटीला जवळ बसवून निरखलं आणि स्वतःच म्हणाली, "उन्हातून आलीये, जरा कोमेजलीये." तिच्या डोळ्यांत पडद्यावरचीच मुलगी बसली होती. मुलाने एकदा दाराकडे पाहिलं, जणू कुणाला शोधत होता, आणि मग खाली मान घातली. आईपुढे बोलणारा तो नव्हताच. अर्ध्या तासात सुपारी फुटली. आबांनी माईकवरून जाहीर केलं, टाळ्या पडल्या. आमची आई पदराने डोळे पुसत होती. धाकटी माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "अक्का, मी खरंच अशी दिसते गं?"

"अशीच दिसतेस," मी म्हटलं.

मी टेबलाकडे परत आले तर गणिताच्या बाईंनी आवराआवर केली होती. जाळ्या पुसून एकावर एक, चौकट दोऱ्याने बांधलेली. सगळं माझ्या हातात दिलं. "हे तुमचं," म्हणाल्या. "बहिणीचं जमलं ना? बरं झालं." एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या आणि एकट्याच रिक्षा बघायला गेल्या.

सोमवारी मी शाळेत जायला घाबरले होते. चोराच्या मनात चांदणं. मधल्या सुट्टीत बाईंनी डबा उघडला आणि पहिली फोड माझ्याकडे सरकवली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणजे नाही पाहिलं! आणि फोड खाल्ली. तरी सांगावं असं वाटत होतं. उद्या सांगू. लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू. आता सांगून धाकटीचं ठरलेलं मोडायचं का? लग्नाला बाई आल्या, अगदी जळगावपर्यंत. त्यांनी धाकटीला डाळिंबी रंगाची साडी दिली. सगळ्यांनी गुलाबी आणि आकाशी दिल्या होत्या. सावळ्या अंगाला खुलणारा रंग कोणता, हे रंगातलं कळणाऱ्या मला लगेच कळलं, आणि मी ती साडी घाईने इतर साड्यांच्या खाली सरकवली.

बाईंनी पुन्हा फॉर्म भरला नाही. आबांनी एकदा माझ्याकडे निरोप दिला, 'बाईंना सांगा, यंदा नाशिकला मेळावा शे.' मी सांगितला. बाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना तुम्हाला, ते शेवटचं." आणि वह्या तपासायला घेतल्या.

धाकटीचं सुरुवातीला बरं चाललं. मग सासूचा मोतीबिंदू काढला. हसू नका. मोतीबिंदू निघाला आणि म्हातारीला स्वच्छ दिसायला लागलं. येता-जाता सुनेला म्हणायची, "पडदावर ते गोरी व्हती, आठे येता येता काळी कशी काय व्हयनी वं?" पहिल्यांदा थट्टेत, मग पाहुण्यांसमोर, मग रोजच. धाकटीला मुलगी झाली, तीही सावळी. बारशाला जमलेल्या बायांसमोर म्हातारीने पाळण्यात डोकावून सांगितलं, "बठ्ठा पडदाना खेळ शे." मी तिथे होते. घुगऱ्यांची वाटी हातात धरून मी भिंतीला टेकून उभी राहिले, लहानपणी धाकटी खांबाला धरून उभी असायची तशी. नवऱ्याने खाली मान घातली. धाकटीने मुलीला उचललं आणि आत नेलं.

मग एकदा ती धुळ्याला आली असताना मला म्हणाली, "अक्का, माझी ती स्लाइड आहे का गं तुझ्याकडे?" होती. मी काढून दिली. तिने ती खिडकीकडे धरली, बराच वेळ बघितली, पुन्हा ट्यूबलाइटकडे धरून बघितली.

"यात नाही दिसत तशी," म्हणाली. "पण पडद्यावर दिसत होते ना? मी स्वतः पाहिलंय. जन्मात एकदाच मी मला आवडले होते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "हे काल भांडणात म्हणाले, आम्ही तर शेजारच्या फोटोतल्या मुलीसाठी आलो होतो. कोण होती गं ती?"

"आता कुठलं आठवायला," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला आत गेले. ओट्याशी उभी राहून रडले. पाणी उकळून आटलं तरी कळलं नाही.

मेळाव्याला सहा वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी मी ठरवून शाळेत गेले. बाईंना ऑफ तास होता. शिक्षकखोलीत आम्ही दोघीच. त्या मोठ्या कागदावर आलेख काढत होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, "बाई, मेळाव्याच्या दिवशी मी तिसऱ्या मशीनचा कागद काढला होता."

त्यांनी मान वर केली नाही. रेघ पूर्ण केली, पट्टी उचलली.

"माहीत आहे," म्हणाल्या. "तुमचा हात माझ्या डोळ्यांसमोरून गेला."

"मग बोलला का नाहीत?"

"मी? मी बोलायचं?" त्यांनी पेन्सिल टेबलावर आपटली. मी त्यांचा आवाज चढलेला तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि शेवटचा. "आधी मेळावा संपेपर्यंत थांबले मी. वाटलं, आता सांगतील. सोमवारी थांबले. लग्नात थांबले, जळगावला एवढ्यासाठीच आले होते. ते स्थळ गेलं, जाऊ दे. गेलं असतंच कदाचित. पण तुम्ही मला सहा वर्षं वाट बघायला लावलीत. रोज समोर बसून. माझ्या डब्यातलं लोणचं खात."

मी हात जोडले की काय केलं, आठवत नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. 'चुकले' एवढंच तोंडातून निघालं आणि तेही धड निघालं नाही. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मैदानावर पोरं कवायत करत होती. हळूहळू त्यांचा श्वास शांत झाला.

"तो माणूस मला आवडला होता हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण आवडला होता." मग माझ्याकडे वळून, अगदी नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "आणि ती? निदान ती तरी सुखात आहे ना?"

मी सगळं खरं सांगायला गेले होते. खरं सांगायची हीच वेळ होती. पण त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं, की एवढ्या एका उत्तरावर त्यांनी ती सहा वर्षं टेकवून ठेवली आहेत. की हेही मी माझ्या सोयीसाठीच ठरवलं? अजून मला सांगता येत नाही.

"छान आहे," मी म्हटलं. "सासू फार जीव लावते."

"मग झालं," बाई म्हणाल्या. तासाची घंटा झाली. त्यांनी आलेखाची गुंडाळी केली, खडू घेतले आणि वर्गावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी खिडकीजवळच्या टेबलाकडे गेलेच नाही, दाराशीच घुटमळले. बाईंनी मला हाक मारली. डबा उघडला आणि लोणच्याची पहिली फोड माझ्याकडे सरकवली. मी ती खाल्ली.